६४० पावलांची गल्ली

आमच्या फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ६४० पावलं होतात आणि परत येताना ६५२. हा बारा पावलांचा फरक कुठून आला यावर माझा आणि अण्णांचा फोनवर बराच खल झाला. येताना तू दमलेली असतेस, पाऊल आखूड पडतं, असं त्यांचं म्हणणं. येताना किंचित चढ आहे, असं माझं. २०२० च्या आधी अकरा वर्षं मी याच गल्लीत राहत होते आणि इथे चढ आहे हे मला ठाऊक नव्हतं. स्कूटरला एवढासा चढ लागत नाही.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचं फाटक बंद झालं. पहिले कित्येक आठवडे बाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून मी इमारतीभोवती फिरायला लागले. एक प्रदक्षिणा १३८ पावलांची, आणि मनगटावरच्या पट्ट्याला हवी असायची १०,०००. म्हणजे झाल्या बहात्तर-त्र्याहत्तर फेऱ्या. एकाच बाजूनं फिरून गरगरायचं, म्हणून दर दहा फेऱ्यांनी उलटं वळायचं. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापडं तरी असतात, मला त्याच त्या पार्किंगमधल्या झाकलेल्या गाड्या पुन्हापुन्हा दिसायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून "कितवी गं?" म्हणून विचारायच्या आणि हमखास माझा आकडा चुकायचा.

या दहा हजारांचं मूळ पुढे वाचनात आलं तेव्हा हसावं की चिडावं कळेना. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, नाव तोंडात बसलं आणि आकडा जगभर चिकटला. म्हणजे माझ्या त्या त्र्याहत्तर फेऱ्या एका जुन्या जाहिरातीच्या नावानं होत्या.

मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधले गेले आणि आतल्या आत सकाळी फिरायला हरकत नाही असं ठरलं. मला वाटलं होतं, फाटकाबाहेर पडले की मोकळं वाटेल. छे! पहिला आठवडा मी नुसती माणसं चुकवत होते. समोरून कोणी आलं की पलीकडची कड धरायची, मागून चपलांचा आवाज आला की भराभर पाय उचलायचे. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरायची आणि निम्मी गल्ली धुक्यात जायची. घरी आलं की चपला दाराबाहेर, कपडे बादलीत, डोक्यावरून अंघोळ. फिरून आल्यावर जे काही बरं वाटायला हवं होतं ते त्या बादलीतच बुडून जायचं.

अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे. आई आणि ते, दोघंच, दुसऱ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर. मोजणी खात्याच्या नोकरीत आयुष्यभर रानोमाळ हिंडलेला माणूस, आणि आता जिनासुद्धा उतरायचा नाही असं आम्हीच दटावून ठेवलेलं. रोज संध्याकाळी सातला फोन व्हायचा. आजचे आकडे, कोणाकडे कोण आजारी, औषधं आहेत ना, एवढं पाच मिनिटांत संपायचं आणि मग दोन्हीकडे नुसता पंख्याचा आवाज. अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले,

"फिरून आलीस का?"

"आले."

"मग? काय पाहिलंस?"

"काय पाहणार अण्णा, आपली नेहमीचीच गल्ली."

"झाडं किती आहेत?"

"असतील पंधरा-वीस."

"असतील म्हणजे? मोजली नाहीस?"

दुसऱ्या दिवशी मोजली. ४३ भरली. पुन्हा मोजली, ४१. तिसऱ्यांदा ४३. दोन झाडं एका कुंपणाच्या आत की बाहेर, असा घोळ होता. मला वाटलं आकडा ऐकून अण्णा खूश होतील. ते म्हणाले, "ठीक. कुठली कुठली?"

इथे खरी पंचाईत झाली. गुलमोहर मला येतो. पिंपळ येतो. भिंतीलगत शिस्तीत उभे असतात ते अशोक मी धडाधड सांगून टाकले, तर ते म्हणाले, तो खरा अशोक नव्हेच. खऱ्या अशोकाला शेंदरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आपण कुंपणाला लावतो तो सरळसोट, खाली मान घातलेल्या पानांचा निराळा. त्याला आसुपालव म्हण. म्हणजे ज्या झाडाचं नाव मला येतं असं मी छातीठोक सांगत होते तेही चुकीचंच होतं, आणि अशी चुकीची १९ झाडं आमच्या गल्लीत होती.

मग आमचा रोजचा पाठ सुरू झाला. मी सकाळी पान, फूल, साल यांचे फोटो काढून पाठवायचे. अण्णा मोबाइलवर भिंग धरून ते पाहायचे (फोटो बोटांनी मोठा करता येतो हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं) आणि सातच्या फोनवर निकाल द्यायचे. काही वेळा निकाल राखून ठेवला जायचा. "मागची बाजू दाखव पानाची. देठाशी गाठ आहे का बघ." ही देठाशी गाठ बघायला मी सकाळी सव्वासहाला एका परक्या फाटकाशी टाचा उंचावून उभी राहिले होते, आणि आतून एक गृहस्थ मास्क चढवत बाहेर आले होते. काय सांगणार त्यांना? म्हटलं, वडिलांनी विचारलंय. ते "बरं बरं" म्हणाले आणि आत गेले.

डीपीशेजारचं ते अवाढव्य झाड पर्जन्यवृक्ष निघालं. त्याच्या सावलीत मी अकरा वर्षं स्कूटर लावत होते आणि पक्ष्यांनी सीट घाण केली म्हणून त्याच्यावर वैतागत होते. अण्णांनी सांगितलं, "संध्याकाळी जाऊन उभी राहा त्याच्याखाली. घाई करू नकोस." उभी राहिले. सूर्य कलला होता, अजून उजेड होता. आधी काही कळलं नाही. मग एक फांदी नजरेनं धरून ठेवली, तेव्हा दिसलं की दुपारी पसरलेली ती पानांची जोडपी आता तिरकी झाली आहेत, हात जोडायला निघाल्यासारखी. हलताना दिसत नाहीत. दुसरीकडे पाहून परत पाहिलं की मात्र आणखी मिटलेली असतात. अर्ध्या तासात वरचं हिरवं छत विरळ झालं आणि पलीकडचं आभाळ दिसायला लागलं. गल्लीतलं सगळ्यांत मोठं झाड रोज संध्याकाळी आवरून झोपतं आणि भरून आलेल्या दिवशी तर लवकरच झोपतं, हे मला वयाच्या ४६ व्या वर्षी समजलं.

आणखी एक गंमत हळूहळू ध्यानात आली. हा पर्जन्यवृक्ष मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्करचा. पेव्हर ब्लॉकच्या फटीतून एकेका दांड्यावर एकेक फूल घेऊन वर आलेली एकदांडी, जी मला अगदी आपल्या मातीतली वाटायची, तीही उष्ण अमेरिकेतून आलेली. विमानं बंद, सीमा बंद, गल्लीला बांबू, आणि आत निम्मी परदेशी मंडळी ठाण मांडून बसलेली!

बोगनवेलही त्यांतलीच, दक्षिण अमेरिकेची. तिचा तो भडक रंग फुलांचा नसतो हे शाळेत शिकले असेन, पण पाहिलं मात्र आता. तीन रंगीत पानं एकत्र असतात, कागदासारखी कोरडी, शिरा स्पष्ट दिसतात. त्यांच्या पोटात तीन बारक्या नळ्या, आणि नळीच्या तोंडाशी चांदणीसारखं पांढुरकं फूल, मसुराच्या दाण्याएवढं. तीन पानांना तीन फुलं, आणि प्रत्येक नळी आपापल्या पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली. या वेलीला ज्याचं नाव दिलं तो बूगॅनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ या काळात जगप्रवासाला निघाला होता. त्या मोहिमेत वनस्पती गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाची मदतनीस झान बारे पुरुषाच्या वेषात गेली होती, कारण जहाजावर बायकांना मज्जाव होता. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. मास्क लावून, डोक्याला ओढणी गुंडाळून, परक्यांच्या कुंपणात नाक खुपसताना मला तिची बरेचदा आठवण यायची. तुलना फारच वरच्या पट्टीतली आहे, ठाऊक आहे. ती जगाला वळसा घालून आली, मी बांबूपर्यंत जाऊन येत होते.

सगळंच काही बरोबर ओळखलं नाही. एका सकाळी मी अण्णांना दुपारपर्यंत न थांबता फोन केला. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, लाल डोळा, असा पक्षी मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. लॉकडाऊनमध्ये जंगलातून दुर्मिळ काहीतरी आलंय, अशी माझी खात्री. अण्णा शांतपणे म्हणाले, "ती कोकिळेची मादी." आणि वर हेही, की पहाटे जो कुहू-कुहू करून तुला उठवतो तो काळाभोर नर. मादी गात नाही, ती फक्त किक्-किक् असं ओरडते. आपल्याकडे गळा गोड असलेल्या प्रत्येक बाईला कोकिळा म्हणायची पद्धत आहे, त्यात गाण्याचं सगळं श्रेय उगाच तिच्याकडे गेलं आहे. माझी दुर्मिळ पक्षीण त्यानंतर रोज दिसायला लागली. ती आधीही रोजच येत असणार.

त्या दिवसांत 'निसर्ग परत आला'चे संदेश मोबाइलवर पुराच्या पाण्यासारखे येत होते. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले, हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला. ते डॉल्फिन व्हेनिसचे नव्हतेच, ती चित्रफीत सार्डिनियातल्या एका बंदराची होती. मी तोही संदेश पाच जणांना पाठवलेला, तेव्हा बोलायला जागा नाही. पण आमच्या गल्लीपुरतं मला इतकंच दिसत होतं की नवीन कोणी आलेलं नाही. गलका मात्र बसला होता. भूकंपमापक यंत्रांवरही ते उमटलं. माणसांच्या धावपळीनं जमिनीत जी सूक्ष्म थरथर सतत चालू असते, ती २०२० च्या टाळेबंदीत काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या चिमण्यांवरचा एक अभ्यास तर मला फार आवडला. रहदारी थांबल्यावर तिथल्या पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात गायला लागल्या, आणि तरीही त्यांचं गाणं पूर्वीपेक्षा लांबवर ऐकू जाऊ लागलं. इतकी वर्षं बिचाऱ्या ओरडून बोलत होत्या, चक्कीवरच्या माणसासारख्या.

आमच्याकडे काय ऐकू यायला लागलं, तर डीपीची गुणगुण. शेवग्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर एकमेकींना आपटतात तो खुळखुळा. खारीचा चिरका, ठोके दिल्यासारखा आवाज, जो मी इतकी वर्षं पक्ष्याचा समजत होते. आणि रात्री, कुठल्याशा घरातून, रोज त्याच वेळी, कोणीतरी पेटीवर एकच सूर धरून बसायचं. कोण ते अखेरपर्यंत कळलं नाही.

आता घरट्याचं सांगते, कारण त्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा जीव सगळ्यांत जास्त त्यातच अडकला होता.

एका बंद घराच्या व्हरांड्यात केबलची एक लोंबती वायर होती. तिच्या टोकाला कचरा अडकलाय असं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी कचऱ्यात कचरा आणून घालणारी दिसली. अंगठ्याएवढी, वरून मळकट, पोटाला पिवळसर, चोच बाकदार. शिंजिराची मादी. ती यायची, चोचीत कोळ्याचं जाळं असायचं, दिसायचं नाही पण तिच्या मान फिरवण्यावरून कळायचं की ती काहीतरी गुंडाळते आहे. वाळकं पान, सालीचा कपचा, कापसाचा पिंजर, आणि सगळ्याला बांधायला कोळ्याचा धागा. त्यात एक निळी दोरी होती. मास्कची असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं, अण्णांना रंगवून सांगितलंसुद्धा. नंतर नीट पाहिली तर प्लास्टिकच्या गोणीची होती. नर या काळात मधूनमधून यायचा, उन्हात जांभळा-हिरवा चमकून दाखवायचा आणि जायचा. कामाला हात लावला नाही. घरोघरी त्या महिन्यांत जे चाललं होतं तेच.

घरटं तयार झालं तेव्हा लांबट थैलीसारखं होतं, एका बाजूला वर तोंड, आणि तोंडावर चक्क छोटी पडवी काढलेली. खालून एक शेपूट लोंबत होती, बहुतेक उरलेल्या सामानाची. मी रस्त्याच्या पलीकडून, कुंपणाच्या कठड्याला टेकून, दहा मिनिटं पाहायचे. त्याहून जवळ जायचं नाही हा अण्णांचा नियम. २३ मेपासून ती आत बसायला लागली. तोंडातून फक्त चोच बाहेर, जशी खिडकीत कोपर टेकून बसलेली बाई. वाऱ्यानं वायर हलायची, घरटं झुलायचं, चोच झुलायची. ऑफिसच्या कॉलवर कोणी काही बोलत असलं की मला ती झुलती चोच आठवायची.

७ जूनला आतून बारीक चीं-चीं ऐकू आलं. दोन चोची होत्या, निदान मला दोनच दिसल्या. मग तिची पळापळ. तासाला किती खेपा, हे मोजायचा मी प्रयत्न केला, पण मध्येच कोणीतरी समोरून आलं, मला बाजूला व्हावं लागलं आणि हिशेब फिसकटला. याच दिवसांत एकदा धो-धो पाऊस झाला आणि मी रात्री दोनला उठून त्या वायरचा विचार करत बसले. सकाळी पाहिलं तर घरटं शाबूत, पडवीवरून पाणी ओघळून बाहेर पडलेलं. तिला पाऊस येणार हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

२२ जूनला सकाळी सातलाच मीटिंग लावली गेली, म्हणून गेले नाही. २३ ला गेले तर घरटं रिकामं. पिल्लं उडालेली. मांजराची काही खूण नव्हती, पीस नव्हतं, घरट्याचं तोंड धडधाकट, म्हणजे उडालेलीच. महिनाभर पाहिलं आणि जो दिवस पाहायचा तोच हुकला. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाताना सांगून जातात का कधी?" आणि मग लगेच आईला हाक मारून दुसरंच काही बोलायला लागले.

वासांचं एक निराळंच प्रकरण होतं. मास्कमुळे गल्लीला वासच उरला नव्हता. त्यातून वास जाणं हे कोविडचं लक्षण, त्यामुळे वास आला नाही की पोटात गोळा. गल्लीच्या मध्यावर, जिथे दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती आहेत, तिथे मागेपुढे पाहून मी मास्क हनुवटीवर ओढायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचे. चोरी केल्यासारखं. कडुनिंबाचा कडसर वास, कुठेतरी जाळलेल्या पाल्याचा धूर, ओल्या भिंतीचा, कुबट. आला वास, म्हणजे आजचा दिवस तरी ठीक. गटाराच्या वासानंसुद्धा मला त्या काळात हायसं वाटलेलं आहे.

पहिला पाऊस पडला तेव्हा मी नेमकी त्या भिंतींपाशी होते. मृद्गंध हा शब्द आपल्याकडे केव्हापासूनचा आहे. इंग्रजीत त्याला नाव मिळालं ते १९६४ मध्ये, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांकडून. कोरड्या दिवसांत झाडांतून निघणारी तेलं माती आणि दगड शोषून ठेवतात, आणि ओल मिळताच सोडतात, असं त्यांनी दाखवलं. त्यात मातीतले जिवाणू तयार करतात तो जिओस्मिन मिसळलेला. मी भिंतीला टेकून उभी होते, मास्क भिजून तोंडाला चिकटला होता, आणि तो काढून खिशात टाकायला कारण मिळालं म्हणून मला भलताच आनंद झाला होता.

असं लिहिलं की वाटतं, बाईचे दिवस मजेत गेले. तसं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी बांबूंपलीकडून रुग्णवाहिका जायची, तिचा आवाज कमी होईस्तोवर पाय हलायचे नाहीत. बातम्यांमध्ये लोक चालत होते, माझ्यासारखे सकाळी सव्वासहाला हवा खायला नव्हे. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि गाव शेकडो किलोमीटर लांब. त्या दिवशी मी पट्टा काढून खणात टाकला. पावलं मोजायची लाज वाटली. फिरायला मात्र गेले, दुसऱ्या दिवशीही गेले. घरट्यापाशी उभी असताना बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटत होतं, दोन्ही एकदम. याचा निकाल मला लावता आलेला नाही.

काही दिवस नुसतेच कंटाळवाणेही गेले. तेव्हा मी अण्णांनी सांगितलेल्या युक्त्या वापरायचे. उलट्या कडेनं चाल. आज फक्त जमिनीकडे बघ. यातून कुत्र्याची पावलं सापडली. ओल्या काँक्रीटवरून एक कुत्रं कधीकाळी तिरकं चालत गेलेलं, चेंबरच्या झाकणापाशी थबकलेलं, चारही पाय तिथे जवळजवळ उमटलेले, आणि मग मोठमोठ्या उड्या. कोणीतरी हाकललं असणार. त्याच्या शेवटच्या उडीशेजारी एक चपलेचा ठसाही आहे.

पण सगळ्यांत सरस दिवस २१ जूनचा, रविवार. सूर्यग्रहण होतं, आमच्याकडे खंडग्रास दिसणार होतं. आभाळ भरलेलं. अकराच्या सुमाराला ढग फाटले आणि अण्णांचा फोन आला. "वर बघू नकोस. त्या पर्जन्यवृक्षाखाली जा आणि खाली बघ. चाळणी घेऊन जा." मी पिठाची चाळणी घेऊन गल्लीत धावले. झाडाखालच्या रस्त्यावर एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात ना, ते सगळे कोरीसारखे झाले होते. शेकडो चंद्रकोरी, एकमेकींवर चढलेल्या, वारा आला की डांबरावर सळसळणाऱ्या. चाळणी धरली तर तिच्या प्रत्येक भोकाची एकेक कोर, ओळीनं, शिस्तीत. सुरक्षारक्षक काका आले, मग समोरच्या दोन मुली आल्या. सगळे हात-हातभर अंतर ठेवून खाली माना घालून उभे.

तोवर मला वाटत होतं, पानांच्या फटीचा जसा आकार तसा कवडसा. मग रोज गोल का असतो, फटी तर वेड्यावाकड्या? कारण तो फटीचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. रोजच्या रोज रस्त्यावर शेकडो सूर्य सांडलेले असतात आणि आपण त्यांवरून स्कूटर नेतो. अण्णांनी पुढचा धडा दिला. सूर्य पृथ्वीपासून त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट लांब आहे. म्हणून भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कवडशाची रुंदी मोज आणि तिला १०८ नं गुण, की ती फट किती उंचावर आहे ते कळेल. पुढे एका उघडीप मिळालेल्या दुपारी पट्टी घेऊन गेले. कवडसा ९ सेंटिमीटर भरला, म्हणजे फट साधारण पावणेदहा मीटरवर. अण्णांनी फोनवर मोठ्यानं "वा!" म्हटलं. साखळी न टाकता, जागचं न हलता, त्यांनी दुसऱ्या गावातल्या झाडाची मोजणी केली होती.

आकाशातलं बाकी बरंच हुकलं. ३ एप्रिलच्या सुमाराला शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला होता, तो आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखेला तिथे येतो. तेव्हा मी मान खाली घालून पार्किंगमध्ये फेऱ्या पुऱ्या करत होते. जुलैत निओवाइज धूमकेतू आला, तर आमच्यावर ढगांचं झाकण. पंधरा संध्याकाळी गल्लीच्या आतल्या टोकाला, मोकळ्या जागेच्या भिंतीशी उभी राहिले आणि डास तेवढे भेटले.

तिथेच निळ्या टोपीचे गृहस्थ भेटायचे. मी जाताना ते येत, मी येताना ते जात. मान हलवायची, बस. चेहरा कधी पाहिला नाही, पण डावा पाय किंचित बाहेर टाकून चालायची त्यांची ढब शंभर फुटांवरून ओळखू यायची. नोव्हेंबरात बांबू निघाल्यावर एक पांढऱ्या मिशांचे कोणी समोरून हसले, मी ओळख दिली नाही. पुढे गेल्यावर वळून पाहिलं तेव्हा डावा पाय दिसला.

२१ डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते की १६२३ नंतर तसे आले नव्हते, आणि १६२३ चे तर सूर्याच्या उजेडात हरवलेले. नीट दिसावेत असे ते याआधी १२२६ मध्ये जवळ आले होते. सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला, खाली. मी भिंतीशी उभी होते. या वेळी आभाळ स्वच्छ. गुरू ठळक, आणि त्याला टेकून शनीचा अंधूक ठिपका. चष्मा पुसून पाहिलं तेव्हा दोन वेगळे दिसले. फोन लावला. अण्णा आईचा हात धरून त्यांच्या गच्चीवर चढले होते, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. धाप लागलेली ऐकू येत होती.

"दिसले का?"

"कसले दिसतात! पाण्याची टाकी आड येतेय."

"अण्णा, दोन पावलं डावीकडे सरका."

पलीकडे चपला घासल्याचा आवाज आला. मग आईचा, "अहो, हळू." मग बराच वेळ काहीच नाही.

"अण्णा?"

"थांब गं जरा," ते म्हणाले. "बघतोय."